लाल टोपी, नारिंगी टोपी: मधुमेही बोक्याला घरी इन्सुलिन देताना

अबोली
३ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे मांजरांवरचे धागे भरपूर आहेत, पण मधुमेह झालेल्या मांजराला घरी इन्सुलिन कसं द्यायचं यावर शोधून काही सापडलं नाही. आम्ही गेले सहा-सात महिने ते देतोय. त्यात एका रात्री खंडू हातातून जाता जाता वाचला. ज्या घरात माणसांचंही इन्सुलिन असतं, अशा कुठल्याही घरात आमच्यासारखी चूक होऊ शकते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खंडू आमचा बोका. वय अकरा, नसबंदी झालेला, भर तब्येतीत होता तेव्हा सव्वासहा किलोचा. आम्ही साताऱ्यात राहतो, घर जुनं आहे, मागे परस आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो पाण्याच्या वाटीशी ठाण मांडून बसायला लागला. वाटी संपली की मोरीत जाऊन नळाला तोंड. खाणं वाढलं आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. मला वाटलं, वय झालं. ओळखलं ते सासूबाईंनी. परसात तो ज्या कोपऱ्यात जायचा तिथल्या मातीवर मुंग्यांची रांग त्यांना दिसली. मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, ह्याच्या लघवीला मुंग्या लागल्यात. माझंच दुखणं लागलंय ह्याला." त्यांना स्वतःला बावीस वर्षं मधुमेह आहे.

त्याच आठवड्यात त्याची चाल बदललेली दिसली. मांजर चवड्यांवर चालतं. हा मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला, सशासारखा. ओट्यावर सहज उडी मारणारा बोका खाली उभा राहून वर बघत राहायचा. साखर फार दिवस चढलेली राहिली की नसांवर परिणाम होतो, त्याचं हे लक्षण, हे नंतर कळलं.

दवाखान्यात साखर ३८० आली. तरी डॉक्टरांनी लगेच इन्सुलिन लिहून दिलं नाही. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही तीनशेच्या वर जाऊ शकते, असं म्हणाले. लघवी तपासली, तिच्यात साखर होती. मग फ्रुक्टोसामाइनच्या तपासणीसाठी रक्त पुण्याला पाठवलं. आपल्याकडे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तशी ही मागच्या दोनेक आठवड्यांची सांगते. तिच्यावरून निदान पक्कं झालं. ग्लार्जिन नावाचं लांब वेळ चालणारं इन्सुलिन सुरू केलं, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकेक युनिट. पुढे पंधरा-पंधरा दिवसांनी बघत दीड आणि मग दोन झालं.

आता त्या रात्रीबद्दल.

फेब्रुवारीतला रविवार. मी कराडला लग्नाला गेले होते. संध्याकाळचं इंजेक्शन नवऱ्याने दिलं. खंडूच्या सिरिंजचं पाकीट संपलं होतं आणि नवं कपाटात आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने फ्रिजच्या दारातल्या आईंच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) डब्यातली सिरिंज घेतली, दोनच्या रेघेपर्यंत भरली आणि दिली. त्याच्या मते डोस अगदी बरोबर होता.

आईंचं इन्सुलिन ४० युनिट प्रति मिली आहे. त्याची सिरिंज लाल टोपीची. खंडूचं १०० युनिट प्रति मिली, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजवरचं एक युनिट म्हणजे मिलीचा चाळिसावा भाग. तेवढ्या जागेत खंडूचं इन्सुलिन भरलं की ते अडीच युनिट होतं. म्हणजे दोनच्या जागी पाच युनिट गेले.

मी साडेदहाला घरी आले. खंडू कपाटाखाली होता. हाक मारल्यावर बाहेर आला तो झोकांड्या खात. ताटलीत तोंड घातलं पण खाता येईना. मग एका कुशीवर पडला आणि त्याचा पुढचा पाय हवेत आपोआप झटके देत राहिला. आवाजाने आई उठून आल्या. एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "साखर उतरलीय त्याची. मला होतं तेव्हा आधी हातच थरथरतात. मध आण, पळ."

बोटाला मध लावून गालाच्या आतून हिरड्यांवर चोळला. पाणी पाजलं नाही, गिळण्याची शुद्ध नसताना ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. कानातून रक्ताचा थेंब काढून मीटरवर साखर बघितली, ३४. पुन्हा मध. पंधरा मिनिटांनी ४७. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मधाचा असर थोडा वेळ टिकेल, ग्लार्जिन रात्रभर काम करणार आहे. आत्ताच्या आत्ता घेऊन या." साडेबाराला शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. नवरा त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, एक शब्द बोलला नाही. त्याला मी दोष देत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकाच दारात मीच ठेवल्या होत्या.

तेव्हापासून आईंचा डबा फ्रिजच्या दारात आणि खंडूचा वरच्या कप्प्यात, निळा, त्याच्या सिरिंजही त्याच डब्यात. डब्यावर मोठ्या अक्षरात "१०० – फक्त नारिंगी". आणखी एक खूण आईंनी दाखवली. त्यांचं इन्सुलिन दुधासारखं पांढरट असतं, घेण्याआधी तळव्यांत हलकेच फिरवावं लागतं. खंडूचं पाण्यासारखं नितळ, ते हलवायचं नाही, आणि गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. इंजेक्शन दिलं की लगेच फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर टिक आणि देणाऱ्याचं आद्याक्षर. एकाने दिलेलं न कळून दुसऱ्याने पुन्हा दिलं, असंही घडू शकतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या सिरिंज कुठे मिळतात? आणि माणसं दंडाला लावतात तो साखरेचा सेन्सर कुणी मांजराला लावलाय का?

---

पाऊसवेडा
३ जून, रात्री ११:२५

अबोली, वाचताना अंगावर काटा आला. खंडू वाचला हे फार बरं झालं.

सेन्सरबद्दल सांगतो. आमच्या मांजरीला (ठाणे, वय नऊ) दोनदा लावलाय. मानेच्या मागे, खांद्याजवळ थोडे केस काढून त्वचेवर चिकटवतात. लावताना ती हललीसुद्धा नाही. चौदा दिवस चालायला हवा, आमचा एक नवव्या दिवशी निघाला आणि दुसरा अकराव्या. पण नऊ दिवसांत जे कळलं ते कान टोचून महिनाभरात कळलं नव्हतं. तिची साखर पहाटे तीनच्या सुमारास सगळ्यात खाली जात होती, आणि त्या वेळी उठून कोण बघणार.

फक्त एक लक्षात ठेवा. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या तो काही मिनिटं मागे असतो. खूप कमी आकडा दाखवला तर कानावर खात्री करून घ्या. आणि मांजर झोकांड्या खात असेल तर खात्रीसाठी थांबू नका, आधी मध.

---

नवखा_पालक
४ जून, सकाळी ८:०५

धागा अगदी वेळेवर आला. आमच्या मनीला चार दिवसांपूर्वी मधुमेह सांगितला. आज संध्याकाळी घरी पहिलं इंजेक्शन द्यायचंय. डॉक्टरांनी एकदा दाखवलं, पण माझे हात थरथरतात. ताई, तुम्ही प्रत्यक्ष कसं देता ते लिहाल का? आणि कानातून रक्त काढताना त्याला दुखत नाही का?

---

अबोली
४ जून, सकाळी ९:३०

नवखा, पहिल्या दिवशी मी दोन वेळा मोरीत जाऊन रडून आले. एका आठवड्यात हात बसतो, काळजी करू नका.

मी आधी ताटली ठेवते. तो खायला लागला की त्याच्या मागे बसते, म्हणजे तोंड त्याचंही पुढे आणि माझंही. बरगड्यांच्या बाजूला, पोटाच्या वर, कातडी चिमटीत उचलायची. तंबूसारखी उभी राहते. तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची, दट्ट्या दाबायचा, क्षणभर थांबायचं, बाहेर काढायची. सुई इतकी बारीक असते की खंडू खाणंही थांबवत नाही. मानेवर द्यायची पूर्वी पद्धत होती. आमच्या डॉक्टरांनी कुशीवर द्यायला शिकवलं, आणि रोज जागा बदलायला. सकाळी डावी कूस, संध्याकाळी उजवी.

काढल्यावर तिथल्या केसांवर बोट फिरवून बघा. ओलं लागलं किंवा इन्सुलिनचा तो औषधी वास आला, तर सुई कातडीतून आरपार गेली आणि औषध केसांवर सांडलं. अशा वेळी पुन्हा द्यायचं नाही. किती आत गेलं हे कळायला मार्ग नसतो. पुढच्या वेळेपर्यंत साखर थोडी चढलेली राहील, चालेल.

कान टोचण्याआधी तो गरम हवा, थंड कानातून थेंब येत नाही. मी जुन्या मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारलीय. तव्यावर जरा शेकवते, स्वतःच्या मनगटाला लावून बघते, मग त्याच्या कानाला मिनिटभर. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, उजेडासमोर धरलं की दिसते. शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं. मागून कापसाचा बोळा लावायचा, नाहीतर सुई आपल्या बोटात. आधी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला तर रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब उभा राहतो. नंतर अर्धा मिनिट दाबून धरा आणि लगेच आवडीचा खाऊ द्या. आमचा आता मोजा बघितला की स्वतः येऊन बसतो, कारण नंतर चिकनचा तुकडा मिळतो हे त्याला पाठ आहे.

---

पशुवैद्य_अकोला
४ जून, दुपारी २:१५

मी लहान प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. अबोलीताईंनी लिहिलेली सिरिंजची गडबड मी दोन वेळा पाहिली आहे, त्यातलं एक मांजर वाचलं नाही. औषधाच्या दुकानात नुसती "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हणू नका. बाटलीवरचा आकडा वाचून तोच आकडा सिरिंजच्या पाकिटावर आहे का बघा, ४० ला ४०, १०० ला १००. उलटी चूकही होते. ४० चं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने भरलं तर डोसच्या निम्म्याहून कमी जातं, मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेतात, आणि एक दिवस योग्य सिरिंज हातात येते.

अर्ध्या युनिटच्या सिरिंजबद्दल: ०.३ मिलीच्या सिरिंजमध्ये अशा रेघांचा प्रकार मिळतो, मोठ्या शहरांतून मागवावा लागतो. पाकिटावर अर्ध्या युनिटचा उल्लेख आहे ना, ते पाहूनच घ्या. सगळ्या ०.३ मिलीच्या सिरिंजवर तशा रेघा नसतात.

डोस कुणी इथून उचलू नका, ही माझी विनंती. खंडूला दोन युनिट लागले म्हणजे तुमच्या मांजराला दोन असं नाही. वजन, साखर, इतर आजार यांवरून तो ठरतो, आणि बहुतेक मांजरांना मी एक युनिट किंवा त्याहूनही कमीवर सुरू करतो. ग्लार्जिनचा परिणाम शरीरात स्थिर व्हायला दिवस लागतात. म्हणून पाच-सात दिवसांच्या आत डोस वाढवायचा नाही, आणि वाढवला तरी पाव-अर्ध्या युनिटाने. मात्र कमी करायची वेळ आली तर थांबायचं नाही. रोजचा एक चढा आकडा पाहून घाबरू नका. साखर फार खाली गेली की शरीर स्वतःच ती वर ढकलतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चारशे दिसू शकते. तो आकडा बघून डोस वाढवला तर पुन्हा तीच रात्र.

ग्लुकोमीटर माणसांचा असेल तर तो मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. माणसाच्या रक्तात सुमारे ४२ टक्के ग्लुकोज तांबड्या पेशींत असतं, मांजराच्या रक्तात जेमतेम ७ टक्के, बाकी सगळं प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात. माणसांच्या यंत्राचं गणित माणसाच्या रक्ताला धरून बसवलेलं असतं. तरी माणसांचा मीटर वापरायला माझी हरकत नाही, नेहमी एकच वापरा आणि कोणता ते डॉक्टरांना सांगा. माणसांच्या मीटरवर साठच्या खाली आकडा आला की मांजर बरं दिसत असलं तरी मी फोनची वाट बघतो.

साखर सगळ्यात खाली कधी जाते हे मांजरागणिक बदलतं, साधारण इंजेक्शननंतर चार ते आठ तासांत. सुरुवातीच्या दिवसांत त्या वेळात घरी कुणीतरी असू द्या.

आणि डोस वाढवत नेऊनही साखर हटत नसेल तर कारण शोधावं लागतं. कुजलेले दात, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज, खाजेसाठी दिलेलं स्टिरॉइड. ब्रिटनमध्ये २०१५ साली बाराशेहून जास्त मधुमेही मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यात वाढीच्या हार्मोनचा दोष असावा असा अंदाज निघाला. आपल्याकडे ही शंका क्वचितच घेतली जाते.

---

अबोली
४ जून, दुपारी ४:५०

डॉक्टर, मनापासून आभार. स्टिरॉइडचं वाचून थबकले. खंडूला गेल्या पावसाळ्यात खाजेसाठी दोन वेळा लांब मुदतीचं स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं होतं. त्याआधीच तो लठ्ठ होता. आता दुवा लागतोय.

---

शेवंती
४ जून, संध्याकाळी ६:१०

माझ्या वडिलांची साखर मेथीच्या पाण्याने आणि कारल्याच्या रसाने चांगली आटोक्यात आली होती. मांजराला थोडं थोडं देऊन बघता येईल का? सुया टोचण्यापेक्षा बरं असं वाटतं. कुणी प्रयोग केलाय का?

---

पशुवैद्य_अकोला
४ जून, रात्री ९:००

शेवंतीताई, तुम्ही मायेनेच विचारताय. पण कृपा करून देऊ नका. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, त्याचं यकृत आपल्यासारखं चालत नाही, आणि कडू रस बळेच पाजला तर ते खाणं सोडतं. मधुमेही मांजराने खाणं सोडणं हाच मोठा धोका.

मदत करायची असेल तर आहारात करा. दूध-पोळी, दूध-भात बंद. सुक्या खाद्यात पिठूळ भाग बराच असतो, तो मांजराला लागत नाही. जास्त प्रथिनांचं, कमी कर्बोदकांचं ओलं खाद्य उत्तम. बिनमिठाचं, कांदा-लसूण नसलेलं उकडलेलं चिकन खाऊ म्हणून चालतं, पण नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवलं तर कॅल्शियम आणि टॉरीन (मांजराला लागणारं एक पोषकद्रव्य) कमी पडतं, डोळे आणि हृदय बिघडू शकतं. इन्सुलिन चालू असताना आहार एकदम पालटू नका. पीठ कमी झालं की साखर आपोआप उतरते आणि कालचा डोस आज जास्त ठरतो. डॉक्टरांना सांगून, साखर मोजत, हळूहळू.

---

शेवंती
४ जून, रात्री ९:४०

समजलं. मला हे माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

---

कवडसा
५ जून, सकाळी ७:२०

लिहू की नको असं वाटत होतं. अबोलीच्या खंडूची साखर उतरली, माझ्या सोनूची चढून गेली. दोन वर्षांपूर्वी.

सोनूने एका सकाळी खाल्लं नाही. खाल्लं नाही तर इन्सुलिन देऊ नये, एवढं मला माहीत होतं. म्हणून दिलं नाही. संध्याकाळीही खाल्लं नाही, पुन्हा दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या. पोट बिघडलं असेल म्हणून मी वाट पाहिली. तिच्या तोंडाला एक गोडसर, कुजलेल्या फळासारखा वास येत होता. मी दात खराब झाले असतील असं समजले. तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा ती मान उचलत नव्हती. रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी घातक द्रव्यं) भरले होते. चार दिवस सलाईनवर होती, नंतर गेली.

खाल्लं नाही तर पूर्ण डोस देऊ नये हे खरंच आहे. पण स्वतःच्या मनाने बंदही करू नका. त्याच तासाला फोन करा. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात ठेवा. माझ्याकडे असती तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.

---

पशुवैद्य_अकोला
५ जून, सकाळी ११:०५

कवडसा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. खाल्लं नाही अशा वेळी मी बहुतेकदा डोस कमी करून द्यायला सांगतो आणि त्याच दिवशी मांजर बघतो. इन्सुलिन अजिबात नसेल तर शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन साचतात. उलटी, मलूलपणा आणि खाणं बंद हे तीन एकत्र दिसले तर सकाळची वाट बघायची नाही.

---

नवखा_पालक
५ जून, दुपारी १:३०

कवडसाताई, पट्ट्या आजच आणल्या. काल पहिलं इंजेक्शन दिलं, बायकोने ताटली धरली, मी टोचलं. मनीला कळलंसुद्धा नाही.

एक प्रश्न. गणपतीत आम्ही कुडाळला जातो, दहा दिवस. मनीला घरी ठेवून शेजाऱ्यांवर सोपवावं की सोबत न्यावं? आणि गाडीत इन्सुलिन कसं न्यायचं?

---

पाऊसवेडा
५ जून, दुपारी ३:००

आम्ही मागच्या वर्षी चिपळूणला नेलं होतं. रुंद तोंडाचा थर्मास घेतला, तळाला बर्फाची पिशवी, तिच्यावर टॉवेलची घडी, वर इन्सुलिन. बर्फ थेट लागू द्यायचा नाही, गोठलेलं इन्सुलिन बाद होतं, वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी. गावात वीज गेली तर बाटली डब्यात घालून माठाच्या ओल्या फडक्याशेजारी ठेवायचो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत मात्र अर्धा तासही नको.

शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर आधी आठवडाभर त्यांच्याच हाताने देऊन घ्या, तुमच्या समोर.

---

अबोली
५ जून, रात्री ८:१५

पाऊसवेडा म्हणतात तसंच. वेळ तासभर इकडेतिकडे झाली तर बिघडत नाही, असं आमचे डॉक्टर सांगतात. मांजर नीट खातंपितं आहे आणि प्रवासात एखादा डोस राहूनच गेला, तर पुढचा ठरलेल्या वेळी, ठरलेलाच. भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही. एक डोस हुकला तर साखर चढते, दुप्पट गेला तर काय होतं ते मी पाहिलंय.

शेजाऱ्यांसाठी एका कागदावर चारच ओळी लिहा: किती, किती वाजता, कुठल्या टोपीची सिरिंज, आणि डॉक्टरांचा फोन. मधाची बाटली त्या कागदाशेजारी ठेवा, शोधायला लागू नये.

---

रानमेवा
६ जून, पहाटे ५:४५

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे मांजरांना जे इन्सुलिन बऱ्याचदा देतात ते ४० युनिटचं आहे आणि माणसांच्या दुकानात सगळीकडे १०० च्या सिरिंज. म्हणजे तुमच्या घरातली गडबड इथे उलट्या बाजूने होते.

इथे आता मांजरांसाठी तोंडाने द्यायची औषधं आलीत. डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला मंजुरी मिळाली, ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिनच्या द्रव औषधाला. दिवसातून एकदा. आमच्या बोक्याला मात्र दिली नाही, कारण तो आधीपासून इन्सुलिनवर आहे आणि अशा मांजरांना ती चालत नाहीत. शिवाय ह्या औषधांवर रक्तातली साखर फार चढलेली नसतानाही कीटोन साचू शकतात. इथल्या ओळखीत दोघींनी फक्त "सुई नको" म्हणून हट्ट धरला होता, त्यांच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते बरंच झालं.

एक चांगली गोष्ट सांगते. इन्सुलिन जन्मभर लागेलच असं मांजरांत नसतं. २००९ साली कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी ५५ मांजरांचा अभ्यास छापला. सगळ्यांच्या मालकांनी घरी साखर मोजून ग्लार्जिन दिलं होतं, आहार कमी कर्बोदकांचा. त्यांतल्या ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ज्यांनी असं कडक नियंत्रण सुरू केलं, त्यांच्यात ८४ टक्के. सगळीकडे इतके चांगले आकडे येत नाहीत. पण नवखा, तुमची मनी चारच दिवसांची आहे ह्या आजारात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

नवखा_पालक
६ जून, सकाळी ८:५०

रानमेवा, हे बायकोला वाचून दाखवलं. चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

---

अबोली
१९ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, सांगण्यासारखं आहे म्हणून.

जूनअखेर खंडूचं सुकं खाद्य पूर्ण बंद केलं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीन आठवडे लावून. सेन्सरही लावला (दहा दिवस टिकला). साखर दुपारी बाराच्या आसपास सत्तरपर्यंत येत होती, म्हणून डोस दोनचा दीड, दीडचा एक आणि गेल्या सोमवारपासून अर्धा. अर्ध्या युनिटच्या सिरिंज भाचीने पुण्याहून पाठवल्या. एक ३ मिलीचं कार्ट्रिज म्हणजे ३०० युनिट, अर्ध्या युनिटाने दिवसाला एकच युनिट लागतं. उघडल्यावर २८ दिवसांची मुदत लिहिलेली असते, तेव्हा बरंचसं वाया जातं. आमचे डॉक्टर फ्रिजमध्ये ठेवलेलं आणि नितळ असलेलं त्यापुढेही वापरू देतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वजन पुन्हा सव्वापाच किलो झालंय. पायांना वेळ लागेल असं सांगितलंय. पण उजवी टाच आता जमिनीला टेकत नाही. डावी अजून टेकते.

काल संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते. मागे धप्प आवाज झाला. वळून बघितलं तर खंडू ओट्यावर, पिठाच्या परातीशेजारी. आई देवघरातून बघत होत्या. एरवी ओट्यावर मांजर त्यांना अजिबात चालत नाही. काल म्हणाल्या, "राहू दे गं आज."

आज सकाळी कानावर ११८.

---

नवखा_पालक
१९ ऑगस्ट, रात्री १०:०५

अबोलीताई, डोळ्यांत पाणी आलं. मनी एक युनिटवर स्थिर आहे. कुडाळला सोबत नेतोय, थर्मास घेतला. सिरिंजचं पाकीट घेताना दुकानदाराने लाल टोपीची पुढे केली होती. मी बाटली काढून दाखवली आणि बदलून घेतली.